डावीकडे जमा, उजवीकडे नावे

मे २०२२ मध्ये मला एक अभिनंदनाचे पत्र आले. माझ्या कादंबरीची पहिली आवृत्ती संपली असून वाचकांच्या आग्रहास्तव दुसरी आवृत्ती काढण्याचा मानस आहे, त्यासाठी लेखक-सहभाग म्हणून ५५,००० रुपये पाठवावेत, असे त्यात लिहिले होते. बडोद्यातल्या एका औषध कंपनीच्या हिशेबखात्यात मी २६ वर्षे काढली आहेत, त्यामुळे पत्र दुसऱ्यांदा वाचताना अभिनंदन गळून पडले आणि नुसता हिशेब उरला. करारात ३०० प्रती लिहिल्या होत्या, त्यांतल्या ५० मला मिळाल्या होत्या. उरलेल्या २५० खरोखरच विकल्या गेल्या असतील, तर ३०० रुपये छापील किंमत आणि दहा टक्के मानधन या ठरलेल्या दराने माझे ७,५०० रुपये निघत होते. आवृत्ती संपली असेल तर ते पैसे कुठे होते, आणि पैसे नसतील तर आवृत्ती संपली कशी? एवढा साधा प्रश्न मला तोपर्यंत सुचला नव्हता, आणि तो का सुचला नाही हे सांगायचे तर आधी त्या पुस्तकाविषयी सांगणे भाग आहे.

माझे पणजोबा गायकवाडी सरकारात कारकून होते. त्यांच्या घरगुती हिशेबाच्या, लाल कापडी बांधणीच्या काही वह्या माळ्यावर होत्या, आणि गुजराती शेजाराच्या सवयीने आमच्या घरात त्यांना वह्या न म्हणता चोपडेच म्हणत. देशी नामेपद्धतीत डाव्या बाजूला जमा आणि उजव्या बाजूला नावे लिहितात. कादंबरीची रचना मी त्याच पद्धतीने केली होती: कुटुंबात त्या दिवशी जे आले, मग ते माणूस असो, पितळेचे पातेले असो किंवा एखादा नवा गुजराती शब्द असो, ते डाव्या पानावर, आणि जे गेले ते समोरच्या उजव्या पानावर. दोन्ही पाने एकाच दिवसाची, त्यामुळे वाचकाने डोळा इकडून तिकडे नेत वाचायचे. ज्या दिवशी काहीच गेले नाही, त्या दिवसाचे उजवे पान कोरे ठेवलेले होते. अशी ३१ पाने कोरी होती. काही नोंदी गुजराती लिपीत होत्या आणि आठ-दहा ओळी मोडीत. एवढे वर्णन ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, ते मला आता पाठ झाले आहे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ९१वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले. १९०९, १९२१ आणि १९३४ नंतर ते आमच्या गावात पुन्हा आले होते, आणि ग्रंथप्रदर्शनातून हिंडताना माझ्यासारख्या घरबसल्या लिहिणाऱ्या बाईलाही आपले पुस्तक तिथल्या एखाद्या टेबलावर दिसू लागले होते. हस्तलिखित त्याच वर्षी पूर्ण झाले. पुण्या-मुंबईच्या चार नामवंत प्रकाशनसंस्थांकडे मी ते पाठवले. दोघांकडून उत्तर आले नाही, एकाने पोच दिली, आणि एकाने नऊ महिन्यांनी सभ्य शब्दांत लिहिले की प्रयोग लक्षणीय आहे, परंतु आमच्या यादीत बसणारा नाही. त्या पत्राचा मला तेव्हा राग आला होता. आज ते मी जपून ठेवले आहे, कारण त्यात सोळाव्या पानावरच्या एका नोंदीचा उल्लेख होता. म्हणजे निदान तिथपर्यंत कोणीतरी वाचले होते.

त्यानंतर एका परिचितांच्या मार्फत महाराष्ट्रातल्या एका लहान प्रकाशकांचा फोन आला. “मॅडम, तुमचं लेखन वाचताना मला साठच्या दशकातल्या अनियतकालिकांची आठवण झाली,” असे ते म्हणाले. लिहिणाऱ्याला कुठे गुदगुल्या होतात हे त्यांना नेमके ठाऊक होते. त्या अनियतकालिकांच्या, म्हणजे लेखकांनी जमेल तसे स्वतःच काढलेल्या छोट्या अंकांच्या, आधीच्या पिढीत बडोद्याहून ‘अभिरुची’ हे मासिक निघत असे. ते काढणाऱ्या पुरुषोत्तम चित्र्यांचे चिरंजीव दिलीप चित्रे बडोद्यातच जन्मले आणि पुढे मुंबईत अरुण कोलटकरांबरोबर ‘शब्द’ काढणाऱ्यांत होते, हा इतिहास आम्ही बडोदेकर अभिमानाने सांगतो. तेव्हा अशा परंपरेत कोणी मला नेऊन बसवल्यावर मी तिथून उठणार नव्हते. त्या मंडळींनी आपले अंक स्वतःच काढले होते, हे खरे, पण त्यांच्याभोवती एकमेकांचे लेखन वाचून त्यावर भांडणारे मित्र होते. माझ्याभोवती कोण होते, हा विचार मी त्या संध्याकाळी केला नाही.

प्रयोगशील लेखन करणाऱ्याची अडचण इथेच आहे, असे आता मला वाटते. रहस्यकथा किंवा पाककृतींचे पुस्तक लिहिणाऱ्याला प्रकाशकाची लबाडी लवकर कळू शकते, कारण असे पुस्तक दुकानात का दिसत नाही, हा प्रश्न त्याला पडतो. माझ्या पुस्तकाविषयी “ते विकलं जाणार नाही” हे वाक्य नकार देणाऱ्यानेही उच्चारले होते आणि पैसे घेणाऱ्यानेही. दोघांच्याही तोंडी ते खरेच होते. पुस्तक दुकानात नाही, परीक्षण नाही, हिशेब नाही, या प्रत्येक गोष्टीला “मॅडम, तुमचा वाचक वेगळा आहे” हे उत्तर तयार असे, आणि ते मला पटत असे, किंबहुना आवडत असे.

संक्रांतीनंतर, जानेवारी २०२० मध्ये, आम्ही दोन पानी करार केला. सहभागाची रक्कम ७२,००० रुपये होती, त्यांतले ४०,००० सहीच्या वेळी आणि ३२,००० मुद्रिते तपासून झाल्यावर द्यायचे होते. मी मागितल्यावर खर्चाचा तपशीलही आला, आणि त्यात ‘आयएसबीएन शुल्क ३,००० रुपये’ अशी एक ओळ होती. भारतात पुस्तकाच्या ओळखीचा हा आंतरराष्ट्रीय क्रमांक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था देते आणि त्यासाठी एक पैसाही आकारत नाही. हे मला दोन वर्षांनी कळले. कंपनीत कोणी असे बिल पुढे ठेवले असते, तर प्रत्येक ओळीसमोर मी प्रश्नचिन्ह काढले असते. स्वतःच्या पुस्तकाच्या बिलावर मात्र मी मुकाट्याने सही केली.

माझ्या मोठ्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, तेव्हाच एकदा टोकले होते. त्या महाविद्यालयात मराठी शिकवत असत आणि त्यांच्या कपाटात श्री सयाजी साहित्यमालेची जुनी पुस्तके आहेत. “सयाजीराव महाराज पैसे देऊन पुस्तकं लिहून घ्यायचे, आणि आता लिहिणाराच पैसे देतोय,” त्या म्हणाल्या. “अगं, निदान छापणाऱ्यानं ते वाचलंय का, एवढं तरी विचार.” मी विचारले नाही. त्यांना हस्तलिखितही दाखवले नाही, कारण त्या काय म्हणतील याची मला भीती होती.

मुद्रिते टाळेबंदीमुळे रखडली. उशीर झाला तो खऱ्याच संकटामुळे की त्या संकटाच्या आडोशाने, हे तेव्हा कोणत्याच व्यवहारात कळत नव्हते. जुलैमध्ये मोबाइलवर पहिल्या मुद्रिताची पीडीएफ आली. मी मजकूर युनिकोडमध्ये टंकित करून दिला होता. अक्षरजुळणी करणाऱ्यांनी तो जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये उतरवून, पेजमेकर या पाने लावण्याच्या, युनिकोड न ओळखणाऱ्या जुन्या प्रणालीत लावला होता. या रूपांतरात ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ अशा शब्दांतल्या ऱ्याचा सर्वत्र रफार झाला होता, गुजराती नोंदींच्या जागी फुल्या आणि टिंबांची रांग लागली होती आणि मोडीच्या ओळी तर नाहीशाच झाल्या होत्या. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ साली. तिचे फाँट थोडे आहेत, हे मान्य आहे, आणि म्हणूनच त्या ओळी मी चित्ररूपात वेगळ्या पाठवल्या होत्या. मुद्रितशोधकाने ‘चोपडा’ दिसेल तिथे ‘वही’ आणि ‘लारी’ दिसेल तिथे ‘हातगाडी’ केले होते. बडोद्याच्या मराठीत लारीच म्हणतात, आणि तो शब्द घरात कोणत्या दिवशी आला याची एक स्वतंत्र नोंद पुस्तकात होती. तिथेही हातगाडीच आली होती.

याहून मोठी गोष्ट माझ्या लक्षात आली ती बाविसाव्या पानावर. कोरी पाने काढून टाकलेली होती. एक कोरे पान गेले की पुढचे जमेचे पान उजवीकडे सरकते, दुसरे गेले की पुन्हा डावीकडे येते, आणि अशी ३१ पाने गेल्यावर कोणता दिवस कोणासमोर उभा आहे याचा काही धरबंध राहत नाही. मी फोन केला. “मॅडम, डीटीपीवाल्याला वाटलं तुमच्याकडून चुकून राहिलीत,” असे उत्तर मिळाले. डीटीपीवाल्याला तसे वाटणे स्वाभाविकच होते. पण ज्यांना माझे लेखन वाचताना अनियतकालिके आठवली होती, त्यांना सहा महिन्यांत एकदाही ही पाने कोरी का आहेत, असा प्रश्न पडला नव्हता. त्या क्षणी मला समजायला हवे होते. मला समजलेही होते, फक्त ४०,००० रुपये गेलेले होते आणि पुस्तक दोन महिन्यांवर आले होते. मी सगळ्या दुरुस्त्या हाताने लिहून, प्रत्येक जोडपानाचा नकाशा काढून पाठवला आणि उरलेले ३२,००० रुपयेही पाठवले.

नोव्हेंबर २०२० मध्ये ५० प्रतींचे खोके घरी आले. कोरी पाने परत आली होती, गुजराती नोंदी शुद्ध होत्या, मोडीची चित्रे जागच्या जागी होती. फक्त शेवटच्या क्षणी मला न विचारता कोणा मान्यवरांची तीन पानी प्रस्तावना आत घालण्यात आली होती. तीन ही संख्या विषम असल्यामुळे पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळी जमा उजवीकडे आणि सगळे नावे डावीकडे गेले होते. पान उलटल्यावर माणूस आधी जाताना दिसत होता आणि मग येताना. शिवाय जमेचे प्रत्येक पान भलत्याच दिवसाच्या नावेसमोर उभे होते. प्रस्तावनेत माझ्या ‘सामाजिक भाना’चे कौतुक होते, जमा आणि नावे हे दोन शब्द त्यात कुठेही नव्हते.

माझ्या परिचयाच्या चाळीसेक लोकांनी ते पुस्तक वाचले, आणि त्यांतल्या कोणालाही पाने उलटी असल्याचे जाणवले नाही, याचे मला प्रकाशकांच्या चुकीपेक्षाही अधिक वाईट वाटले. ‘वेगळंच आहे’ असे सगळे म्हणाले.

पुढचे दीड वर्ष मी अधूनमधून विक्रीविषयी विचारत राहिले आणि प्रती वितरकांकडे आहेत असे ऐकत राहिले. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्धीनंतर ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशकाने प्रत पाठवायची असते. ते झाले का, असे विचारले तेव्हा “कोविडमध्ये राहिलं” असे समजले. मग ते अभिनंदनाचे पत्र आले.

मी रजिस्टर्ड पत्राने तीन गोष्टी मागितल्या: छापखान्याचे बिल, शिल्लक प्रतींची संख्या आणि मानधनाचा हिशेब. उत्तर फोनवरून आले. “मॅडम, तुमच्यासारख्या प्रतिभावंत लेखिकेनं हिशेबात पडू नये.” आयुष्यभर हिशेबातच पडलेल्या मला त्यावर काय बोलावे ते सुचेना. तीन आठवड्यांनी माझ्या बँकखात्यात कोणत्याही खुलाशाशिवाय २,१०० रुपये जमा झाले. ३० रुपयांनी भागले की ७० प्रती होतात. हे ७० कुठून आले, ते मला आजतागायत कळलेले नाही.

वन्संचा मुलगा वकील आहे. त्याने करार वाचला आणि हसला. “मामी, यात मुदतच लिहिलेली नाही, आणि तेच बरं झालं. हक्क दिल्याच्या लेखात काळ नमूद नसेल तर १९५७चा कॉपीराइट कायदा पाच वर्षं धरतो. शिवाय हे फक्त छापील आवृत्तीपुरतं आहे.” ज्या निष्काळजीपणाने माझी पाने उलटी झाली होती, त्याच निष्काळजीपणाने माझे हक्क वाचवले होते. दावा लावण्याविषयीही आम्ही बोललो, पण मुळात प्रती किती छापल्या होत्या, हेच माझ्याजवळ नव्हते. रावपुऱ्यातल्या एका जुन्या छापखान्याच्या मालकांना मी पुस्तक दाखवले होते. त्यांनी पान तिरके धरून पाहिले आणि सांगितले की ही डिजिटल छपाई आहे, यात पन्नासही काढता येतात आणि पाचशेही, पुस्तकावरून आकडा सांगता यायचा नाही.

जानेवारी २०२५ पर्यंत थांबायचे होते, आणि स्वतःच प्रकाशक होण्याचा मोह सुरू झाला तो या काळात. ॲमेझॉनच्या किंडलवर २०१६पासून मराठी पुस्तके काढता येतात, आणि ई-पुस्तकाचे हक्क माझेच होते. एका रविवारी मी बसले आणि रात्रीच्या जेवणापर्यंत पुस्तक चढवायला तयार होते. ना मान्यवर, ना ७२,००० रुपये, ना कोणाची वाट पाहणे. शेवटचे बटण दाबण्याआधी नमुना उघडला, तर त्यात पाने नव्हतीच. ई-पुस्तकाचा मजकूर पडद्याच्या मापाप्रमाणे वाहत जातो. वाचकाने अक्षर मोठे केले की ओळी पुढे सरकतात, त्यामुळे डावे-उजवे असे काही उरत नाही, आणि कोरे पान म्हणजे दोन परिच्छेदांतली थोडी मोकळी जागा. जे त्या प्रस्तावनेने एकदा केले होते ते हे यंत्र प्रत्येक वाचकासाठी नव्याने करणार होते. तरीही माझे बोट बटणावर बराच वेळ होते, हे कबूल केले पाहिजे. कुठेतरी प्रसिद्ध तर होईल, ही भावना फार बळकट असते, आणि २०२० साली करारावर सही करतानाही माझ्या मनात हेच होते. फरक इतकाच की तेव्हा माझी स्तुती दुसरे कोणी करत होते आणि आता मीच करत होते.

मी संगणक बंद केला आणि दुसऱ्या दिवशी हस्तलिखित, पाने जोडीने लावून, वन्संकडे नेऊन दिले. पाच वर्षे उशिरा.

त्यांनी ते सव्वा महिना ठेवून घेतले. परत मिळाले तेव्हा समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. “उजवी पानं मला आवडली,” त्या म्हणाल्या. “माणसं जातात तिथं तू नीट बघतेस. जमेची निम्मी पानं नुसती यादी आहे. पातेलं आलं, घंगाळ आलं, झारा आला. असेल तुझ्या पणजोबांच्या चोपड्यात, म्हणून मी का वाचू? आणि कोरी पानं एकतीस कशाला? पहिल्या चारांत मी थांबले, पाचव्याला थांबले नाही.” मी वाद घातला. चार-पाच दुपारी घातला. शेवटी २४ दिवस, म्हणजे ४८ पाने, गेले आणि कोरी पाने नऊ उरली. यातली दोन मी अजूनही त्यांच्याशी असहमत होऊन ठेवली आहेत.

जानेवारी २०२५ उलटल्यावर मी जुन्या प्रकाशकांना मुदत संपल्याचे पत्र पाठवले. त्याला उत्तर आले नाही. मग स्वतःच्या नावाने आयएसबीएनसाठी अर्ज केला. त्यात ‘प्रकाशक’ या रकान्यात स्वतःचे नाव लिहिताना मला अभिमान वाटेल अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून सही केल्यासारखे वाटले. चार ग्रंथालयांना पाठवायच्या प्रती, टपालखर्च, बडोद्यातल्या आणि इंदुरातल्या ओळखीच्या वाचकांची यादी, हे सगळे एका वहीत लिहून काढले. विक्रीचा आकडा लिहायची मला सवय आहे. तिथे मी ६० लिहिले आणि एकूण प्रती १०० ठरवल्या.

छपाईसाठी रावपुऱ्यातल्या त्याच छापखान्यात गेले. मालकांचे वडील पूर्वी व्यापाऱ्यांसाठी लाल कापडी चोपडे बांधून देत असत, हे मला तिथे गेल्यावर कळले. त्यांनी कोऱ्या कागदांची एक लहानशी प्रतिकृती दुमडून माझ्यापुढे ठेवली, माझ्या मजकुराची पहिली चार पाने वाचली आणि मान वर करून विचारले, “बेन, हे जमा आहे ना? मग हे डाव्या हाताला यायला पाहिजे. पहिलं पान तर नेहमी उजव्या हाताला येतं. म्हणजे पुढं एक पान आणखी टाकावं लागेल, नाहीतर सगळंच फिरेल.”

मी टाका म्हणाले. त्यांनी प्रतिकृतीवर पेन्सिलीने खूण केली, आणखी काही पाने उलटली आणि एका जागी थांबले.

“आणि ही कोरी?”

“ती तशीच ठेवायची आहेत.”

“ठेवू की,” ते म्हणाले. “पण पैसे त्यांचेही लागतील.”